खाली धर : रॉयटलिंगेनमधला एक आठवडा

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

नाताळची सुट्टी संपून आज शाळा उघडली. सकाळी साडेसातला शाळेच्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा मिट्ट काळोख होता. इथे जानेवारीत सूर्य सव्वाआठच्या आसपास उगवतो. मिरजेत त्याच वेळी दुपारचे बारा वाजलेले असतात आणि आईचं स्वयंपाकघर आवरत आलेलं असतं.

मी इथे नोकरीलाही नाही आणि शिकायलाही नाही. तरुण मुलामुलींनी एक वर्ष समाजकामाला द्यावं, अशी सोय जर्मनीत १९६४ पासून कायद्याने आहे. २७ वर्षं पूर्ण होण्याआधी त्यात भाग घेता येतो. २०११ मध्ये सक्तीची लष्करभरती थांबली. लष्कराऐवजी दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत, अपंग माणसांच्या घरांत सेवा करणारी हजारो मुलंही तिच्याबरोबर थांबली. ती जागा भरायला सरकारने त्याच वर्षी १ जुलैला आणखी एक योजना काढली. या दोन्ही वाटांनी आता बाहेरदेशची मुलंही येतात. राहायला खोली, विमा, हातखर्चापुरते पैसे आणि वर्षात २५ दिवसांची शिबिरं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत असताना एका सीनियर ताईकडून हे कळलं, आणि सप्टेंबरात मी रॉयटलिंगेनला आले. स्टुटगार्टच्या दक्षिणेला, अखाल्म नावाच्या एकट्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेलं हे लाखभर वस्तीचं गाव. खोलीत माझ्याबरोबर जॉर्जियातल्या तिबिलिसीची एक मुलगी राहते. तिचं काम अपंग प्रौढांच्या कार्यशाळेत, माझं अपंग मुलांच्या शाळेत.

मुलांची नावं बाहेर सांगायची नाहीत असं आम्ही पहिल्याच दिवशी लिहून दिलंय, तेव्हा इथली नावं मी ठेवलेली आहेत. आमच्या वर्गात सात मुलं. त्यांच्यासाठी दोन शिक्षिका, एक परिचारिका आणि मी.

मुलं छोट्या बसगाड्यांतून येतात. एकेक दार उघडतं, रॅम्प खाली येतो, चाकखुर्चीचे पट्टे सुटतात. आज सगळ्यांना एकमेकांना बघून इतका आनंद झाला होता की सकाळच्या गोलात गाणं दोनदा म्हणावं लागलं.

दुपारी सव्वातीनला परतीची गाडी. चेनवाली नऊ वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. तिच्या जाकिटाची चेन खाली अडकायची ती अडकेना. बाहेर गाडी सुरू होती, बाकीची मुलं आत बसली होती. मी वाकले, खटकन चेन अडकवली आणि गळ्यापर्यंत ओढली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे चेन पुन्हा तळापर्यंत उघडली, दोन्ही बाजू सोडवल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. शिक्षिका भिंतीला टेकून उभी राहिली. साधारण सहा मिनिटं लागली असतील. चेन वर गेल्यावर ती गाडीत जाऊन बसली, आणि मला हात केला नाही. एरवी रोज करते.

रात्री झोप लागेना. माझे धाकटे काका, बाळकाका, मतिमंद होते. त्यांच्या शर्टाची बटणं आजी लावायची. चपलेचा पट्टाही तीच लावायची, घासही तीच भरवायची. आजी गेली तेव्हा काका ४६ वर्षांचे होते. तेराव्यानंतरच्या एका सकाळी ते शर्ट अंगात घालून, बटणं तशीच ठेवून, उंबऱ्यावर बसून राहिलेले मला आठवतात. आजीच्या मायेत कुठे काही कमी नव्हतं. तिला दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं. काकांच्या लहानपणी मिरजेत त्यांना घेईल अशी शाळा आजोबांना सापडली नाही.

इथेही हे आपोआप झालेलं नाही, हे मला शिबिरात कळलं. युद्धानंतरही कित्येक वर्षं अशा मुलांवर 'शिकण्यास अपात्र' असा शिक्का मारून त्यांना शाळेबाहेर ठेवलं जायचं. १९५८ मध्ये मारबुर्गला टॉम मुटर्स नावाच्या डच माणसाने पालकांना एकत्र करून 'लेबेन्सहिल्फे' ही संघटना काढली आणि तिथून चित्र बदलायला लागलं. म्हणजे माझ्या आजीच्याच पिढीतल्या आया होत्या त्या.

बुधवार, ८ जानेवारी

आजचा दिवस नेहमीचा, म्हणून तोच लिहून ठेवते.

सकाळी डायपर बदलणं, दोघांचं. आधी पडदा ओढायचा, मग मुलाला सांगायचं की आता मी काय करणार आहे, मग हात लावायचा. सांगितल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, मुलाला कळत असो वा नसो. चाकखुर्चीतून पलंगावर घ्यायला छताला लिफ्टर आहे. मुलाच्या अंगाखालून झोळी सरकवायची, चार कड्या अडकवायच्या आणि बटण दाबायचं. पहिल्यांदा ते हवेत अधांतरी लटकलेलं पोर बघून माझ्या पोटात गोळा आला होता. पोर मात्र पाळण्यात बसल्यासारखं हसत होतं.

साडेदहाला खाणं. सोनू अकरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, गिळायला त्रास होतो, म्हणून सगळं घट्टसर वाटून द्यावं लागतं. चमचा समोर धरायचा, खालच्या ओठाला टेकवायचा आणि त्याने तोंड उघडेपर्यंत हलायचं नाही. घास गिळल्याचं गळ्यावर दिसतं, ते दिसल्याशिवाय पुढचा भरायचा नाही. वाटीभर खायला चाळीस मिनिटं. सप्टेंबरात ही चाळीस मिनिटं मला फार जड जायची. आता त्यात आमच्या गप्पा होतात. सोनू बोलतो तो समोरच्या टॅब्लेटमधून. पडद्यावर चित्रांची घरं असतात, ज्या घरावर नजर स्थिर होते तो शब्द यंत्र उच्चारतं. आज त्याने सलग तीनदा 'पाऊस' म्हटलं. बाहेर पाऊस नव्हता. मग लक्षात आलं, नळ ठिबकत होता.

गुरुवार, ९ जानेवारी

आज मुचेलटाग! हा सण अख्ख्या जर्मनीत नाही, याच गावाचा आहे. ६ जानेवारीला येणाऱ्या तीन राजांच्या सणानंतरच्या पहिल्या गुरुवारी रॉयटलिंगेनमध्ये घराघरांत, खानावळींत, कचेऱ्यांत लोक फासे खेळतात आणि जिंकणाऱ्याला मुचेल मिळते. मुचेल म्हणजे आठ टोकांची चांदणीच्या आकाराची खुसखुशीत पाव-रोटी, मधे उंचवटा आणि भोवती वेणी. मधला उंचवटा म्हणजे आमची अखाल्म टेकडी, असं इथली माणसं सांगतात. सकाळी बेकरीबाहेर रांग होती. दिवाळीच्या आदल्या दिवशी चितळ्यांच्या दुकानाबाहेर असते, तशी.

वर्गात तीन मुचेल आणल्या होत्या. खेळ होता 'मोठा घरनंबर'. फासा तीनदा टाकायचा आणि प्रत्येक वेळी आलेला आकडा शतक, दशक किंवा एकक, कुठल्याही एका घरात ठेवायचा. एकदा ठेवला की हलवायचा नाही. सर्वांत मोठा घरनंबर ज्याचा, त्याची मुचेल. पाहायला गेलं तर हा स्थानिक किंमतीचाच धडा. पण समोर लोण्याचा वास सुटलेला असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष एकवटलेलं होतं.

सोनूला फासा धरता येत नाही. त्याच्या ट्रेवर उताराची फळी लावली आणि तिच्या टोकाशी स्पंजाचा मोठा फासा ठेवला. त्याने हाताच्या मागच्या बाजूने तो ढकलायचा. सोनूचा हात त्याला हवा तिकडे लगेच जात नाही. आधी उलट्या बाजूला जातो, मग मुठी आवळल्या जातात, मान मागे जाते, मग हळूहळू सगळं अंग सैल पडतं आणि हात पुन्हा निघतो. मी मनात आकडे मोजत होते. चाळीसपर्यंत आले. वर्गात कुणीही चुळबुळ केली नाही, चेनवालीसुद्धा नाही. फासा घरंगळला. दोन. सोनूने एककाच्या घराकडे पाहिलं. बरोबर.

दुसऱ्यांदा पाच आले. मी मनात म्हटलं, शतकात ठेव. तोवर चेनवालीचा घरनंबर ४४१ झाला होता आणि तोच सर्वांत मोठा होता. सोनूने दशकाकडे पाहिलं. मी विचारलं, "नक्की? शतक नको?" त्याने डोळे टॅब्लेटकडे वळवले आणि यंत्र बोललं, "वाट बघ." त्याला सहा हवे होते!

तिसऱ्यांदा तीन आले. ३५२. माझं ऐकलं असतं तर ५३२ झाले असते आणि मुचेल त्याची झाली असती. मी त्याच्या तोंडाकडे पाहायलाच घाबरत होते. तो हसत होता. सोनू हसतो तेव्हा त्याचे हातपाय, मान, खुर्ची, सगळंच हसतं. हसू ओसरल्यावर त्याने पडद्यावर शोधून शोधून दोन शब्द काढले, "पुन्हा एकदा."

आज पहिल्यांदा मी त्याच्याबद्दल हळहळले नाही, त्याच्याबरोबर हरले. बाळकाकांना आम्ही कॅरममध्ये कायम जिंकू द्यायचो. त्यांना ते कळत असेल का, हा प्रश्न मला आज पडला, इतक्या वर्षांनी.

शुक्रवार, १० जानेवारी

पोहण्याचा दिवस. शाळेचा तलाव लहान आणि कोमट पाण्याचा आहे. दोन तासांत सहा मुलांचे कपडे काढणं आणि घालणं, पाठ मोडून निघते. पाण्यात मात्र वेगळंच जग असतं. एरवी ताठ राहणारं अंग माझ्या दोन तळहातांवर पानासारखं तरंगतं.

घरी आल्यावर निवासाच्या परवान्याचं पत्र. आणखी एक कागद हवा आहे, जो मी नोव्हेंबरातच दिला होता. पुन्हा झेरॉक्स काढली, पुन्हा पाठवली. ज्या मुलींचं जर्मन माझ्याहून कच्चं आहे त्यांना अशी पत्रं किती घाबरवत असतील, हे तिबिलिसीच्या मैत्रिणीचा चेहरा बघून मला माहीत आहे. तिची पत्रं मी वाचून देते आणि ती मला जेवायला घालते.

शनिवार, ११ जानेवारी

शनिवारी मी मैत्रिणीबरोबर अपंग माणसांच्या निवासी घरात जाते. एका मजल्यावर आठ प्रौढ माणसं राहतात. प्रत्येकाची स्वतंत्र खोली, दाराला आतून कडी, आणि आत जायचं तर टकटक करून, 'या' म्हटल्यावरच.

त्यातल्या एकांना मी मनात स्क्रूवाले काका म्हणते. साठी ओलांडलेले, चेक्सचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. ते कार्यशाळेत स्क्रू मोजून पिशव्या भरतात. त्यांना दहापर्यंत मोजता येत नाही. त्यांच्यापुढे एक लाकडी फळी असते, तिला दहा भोकं. प्रत्येक भोकात एक स्क्रू उभा करायचा. भोक रिकामं राहिलं नाही की दहा झाले. मग फळी पिशवीत ओतायची. मैत्रीण सांगते की त्यांच्या पिशव्यांत कधीच चूक निघत नाही. ही फळी मी हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले होते. कुणीतरी त्यांना मोजायला शिकवण्यात वर्षं घालवली नाहीत, तर बसून विचार केला आणि फळीला भोकं पाडली.

या कामाचे पैसे मात्र फार थोडे मिळतात. जर्मनीतल्या अशा कार्यशाळांत महिन्याला सरासरी सव्वादोनशे युरोंच्या आसपास. घरभाडं आणि पोटापाण्याचा खर्च सरकारी मदतीतून भागतो, तरी पूर्ण दिवस काम करणाऱ्या माणसाला हे पुरेसं नाही असं मला वाटतं, आणि इथेही त्यावर वाद चालू आहे. काकांना पगाराच्या दिवशी आपलं पाकीट उघडून दाखवायला आवडतं.

त्यांना सगळे 'झी' म्हणतात, म्हणजे अहो-जाहो. आडनावाआधी 'हेर', म्हणजे आपलं 'श्री', लावून हाक मारतात. एकोणीस वर्षांचा नवखा स्वयंसेवकसुद्धा, त्यांचे मोजे चढवताना. आमच्या गल्लीत बाळकाका शेवटपर्यंत 'ए बाळ्या' होते, दुधवाल्यालाही आणि त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान पोरांनाही. मीही सातवी-आठवीपर्यंत 'बाळकाका, इकडे ये' असंच म्हणायचे. आई-बाबांच्या बाकी सगळ्या भावंडांना अहो म्हणायचे.

आज स्वयंपाक माझ्याकडे होता आणि मी अख्खा मसूर केला. इथल्या लोकांना मसूर नवा नाही. श्वाबियन, म्हणजे या भागातल्या लोकांचं लाडकं जेवणच मुळी मसूर आणि श्पेट्झ्ले नावाच्या जाड शेवया, वरून व्हिनेगर. जवळच्या डोंगरपठारावर पूर्वी मसूर पिकायचा, मग पेरणारं कुणी उरलं नाही आणि वाणच हरवला. २००६ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे संग्रहात सापडला आणि पुन्हा इथल्या शेतांत आला. तोच बारीक मसूर मी घेतला. इस्लामपूरच्या धाब्यावरची चव काही येणार नव्हती, पण आईने पाठवलेलं कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट होतं. कांदा स्क्रूवाल्या काकांनी चिरला. एका कांद्याला वीस मिनिटं. मी दुसरी सुरी शोधायला गेले नाही. तिखट बेतानेच घातलं होतं, तरी दोघांना ठसका लागला. काकांनी दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा वरून व्हिनेगर ओतून. जेवताना त्यांनी विचारलं, "उद्या तुम्ही येणार ना?"

उद्या ग्राफेनेकला जायचं आहे. नाझींच्या बळींच्या २७ जानेवारीच्या स्मृतिदिनाआधी घरातल्या ज्यांना जायचं असेल त्यांना तिथे घेऊन जातात. काकांनी आपलं नाव स्वतःहून दिलं होतं.

रविवार, १२ जानेवारी

नऊ माणसांची गाडी. काका पुढे, ड्रायव्हरशेजारी. होनाऊचा घाट चढून वर आलो की श्वाबियन आल्बचं पठार लागतं. वर बर्फ होतं. मारबाखच्या सरकारी अश्वशाळेची कुरणं पांढरी पडलेली. ही अश्वशाळा १५१४ पासूनची आहे. तिच्यापुढे एका टेकडीवर ग्राफेनेकचा वाडा.

१९३९ पर्यंत इथे अपंग माणसांचं घर होतं. त्या ऑक्टोबरात नाझी सरकारने ते ताब्यात घेतलं, राहणाऱ्यांना बाहेर काढलं आणि वाड्याजवळच्या एका गाडीखान्यात विषारी वायूची खोली बांधली. जानेवारी ते डिसेंबर १९४० या एका वर्षात इथे १०,६५४ माणसं मारली. सगळी मनोरुग्णालयांतून आणि अपंगांच्या संस्थांतून आणलेली. राखाडी बस यायच्या आणि त्यांना घेऊन जायच्या. त्याआधी संस्थांकडे बर्लिनहून छापील फॉर्म आले होते. आजार कोणता, किती वर्षांपासून, आणि हा माणूस काय काम करतो. त्या शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय यावर पुष्कळदा माणसाचं मरण ठरायचं. घरच्यांना नंतर खोट्या आजाराचं नाव घातलेलं पत्र जायचं.

हे मी ऑक्टोबरातल्या शिबिरात ऐकलं होतं. ऐकणं आणि तिथे काकांच्या शेजारी उभं राहणं यांत फार अंतर आहे. काय काम करतो? दहा भोकांची फळी भरतो, असं त्या रकान्यात कुणी लिहिलं असतं?

गाडीखाना १९६५ मध्ये पाडला. आता तिथे काही नाही. थोड्या अंतरावर एक उघडं प्रार्थनास्थळ आहे, छप्पर आहे, भिंती जवळजवळ नाहीत. २००५ पासून एक माहिती केंद्रही आहे. आणि वाड्यात, आजूबाजूच्या इमारतींत, आज पुन्हा अपंग माणसं राहतात. युद्धानंतर ते घर जुन्या संस्थेकडे परत आलं. आम्ही गेलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई झाडांना पाणी घालत होत्या.

प्रार्थनास्थळाजवळ अक्षरांची बाग आहे. डायेन सॅम्युअल्स या अमेरिकन कलावतीने १९९८ मध्ये केलेली. जमिनीत २६ छोटे दगड, प्रत्येकावर वर्णमालेतलं एक अक्षर. मारलेल्यांपैकी सगळ्यांची नावं सापडलेली नाहीत. पण ज्यांची सापडली नाहीत त्यांचीही नावं या २६ अक्षरांतूनच बनलेली होती.

दगड बर्फाखाली होते. काकांना वाचता येत नाही, पण आपल्या नावाचं पहिलं अक्षर ते ओळखतात. त्यांनी हातमोजा काढला, गुडघ्यावर बसले आणि एका दगडावरचं बर्फ बाजूला सारलं. ते अक्षर नव्हतं. मग दुसरा. मग तिसरा. मला त्यांचं अक्षर कुठे आहे ते साधारण कळत होतं, क्रमाने मोजलं की झालं. मी काही बोलले नाही. तिबिलिसीची मैत्रीण माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. आमच्या पायांची बोटं बधिर झाली. आठवा की नववा दगड असेल. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग उठून म्हणाले, "आता आईचं." आणि पुन्हा खाली बसले.

परतताना घाट उतरेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. घाटाखाली काकांनी विचारलं की कालचा मसूर उरलाय का.

रात्री बाबांना फोन केला. बाळकाकांचं खरं नाव काय होतं, ते विचारलं. मला ते माहीत नव्हतं. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "दत्तात्रय."

सोमवार, १३ जानेवारी

साडेसात, काळोख, फाटक. सोनूची गाडी आधी आली. मग चेनवालीची. रॅम्प, पट्टे, दप्तरं.

दुपारी सव्वातीनला ती जाकीट घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेनचं खालचं टोक पुन्हा सटकत होतं. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. तिने दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा थांबली, वर माझ्याकडे पाहिलं आणि जाकिटाच्या खालच्या कडेकडे बोट दाखवलं.

"खाली धर," ती म्हणाली.

मी गुडघ्यावर बसले आणि खाली धरलं.